पिसांचा विंझणा

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांच्या शृंगाराकडे सर्वांची दृष्टि जाते. हातपंखा, म्हणजेच जुना विंझणा, आपणांसही तसाच शृंगारतां येतो. पुठ्ठ्याच्या दोन वाटोळ्या चकत्यांवर रेशीम ताणून शिवावें. एकीवर वेळूची दांडी बांधून मोराचीं पिसें अर्धवर्तुळांत मांडावीं. लांब मध्यें, आखूड कडांस. देंठ दोऱ्यानें टांचून दुसरी चकती वर शिवावी, म्हणजे टांके झांकतात.

पिसें मात्र गळलेलींच घ्यावीं. पावसाळा सरतां मोर आपला पिसारा आपणच टाकतो. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे व १९७२ च्या कायद्यानें त्याची शिकार गुन्हा आहे. सृष्टिकर्त्यानें सहज दिलेल्या पिसांनीं काम भागत असतां, जीव घेऊन मिळविलेल्या शोभेस आम्ही शोभा म्हणत नाहीं.