धरणाचा इशारा आणि नदीकाठचा ऊस



वर्धा नदीच्या काठी ज्यांचा ऊस व मोटारी आहेत, त्यांच्यासाठी हा पाठ. सिंभोऱ्याचे ऊर्ध्व वर्धा धरण भरत आले की त्याच्या १३ दरवाजांपैकी लागतील तेवढे उघडतात व खालच्या गावांना इशारा देतात. आम्ही शेतावर जातो तेव्हा ऐकतो, "इथं त पाऊसच नाही, मंग पूर काहूनचा?" अहो, पाऊस मोर्शी-वरुडकडे पडतो आणि पाणी धामणगावकडे येते! आपले आभाळ पाहून पुराचा अंदाज बांधू नये.

३० जुलै १९९१ ला याच नदीच्या पुरात वरच्या अंगाचे मोवाड बुडाले. दोनशेवर माणसे गेली. तेव्हा खिशात फोन नव्हते. आता मोबाईलच्या टॉवरवरून त्या भागातल्या फोनांवर एकदम इशारा धाडता येतो, नंबर नोंदवावा लागत नाही. २०२३ साली मोठ्याने वाजलेला चाचणी-संदेश याच पद्धतीचा. पण फोन बंद असला, रेंज नसली, की तो पोचत नाही. शेतात झोपणाऱ्या सालदाराला निरोप माणसानेच द्यावा, आणि दवंडी ऐकली तर ती खरी धरावी.

धरणाचे पाणी आपल्या काठी यायला काही तास लागतात. तेवढ्यात आधी माणसे व जनावरे वर न्यावीत. मेन स्विच पाडूनच मोटार काढावी. पाणी चढले असेल तर तिचा नाद सोडावा. ऊस दोन-चार दिवस पाण्यात तग धरतो, त्याच्यापायी कोणी पुरात उतरू नये.