शरद ऋतूतील पक्षी : एक सोपा पाठ



सुक्कोथचा सण सरला की हवा जरा निवते. अशा वेळी एक सकाळ तेल अवीवच्या यार्कोन पार्कमध्ये काढावी. नातवंडे बरोबर असल्यास फारच छान. उजाडताच नदीकाठाने सावकाश चालावे. दुर्बीण नसली तरी डोळे व कान पुरतात. दिसेल त्या पक्ष्याविषयी एकच प्रश्न विचारावा : हा पाहुणा, रहिवासी, की माणसाने आणलेला?

१) पाहुणा : हिरवळीवर शेपटी वरखाली हलवीत धावणारा काळा-पांढरा पक्षी म्हणजे आपला धोबी. हिब्रूत नहलिएली. तो ऑक्टोबरच्या सुमारास उत्तरेकडून येतो व वसंतात परततो. याच जातीचे धोबी हिवाळ्यात कोकणातही उतरतात. आपला देश तीन खंडांच्या सांध्यावर असल्याने वर्षातून दोनदा सुमारे ५० कोटी पक्षी येथून जातात. करकोच्यासारखे मोठे पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातात. समुद्रावर तशी हवा मिळत नाही, म्हणून ते समुद्राला वळसा घालून येथून जातात.

२) रहिवासी : डोक्यावर तुरा, लांब बाकदार चोच, तो हुदहुद. हिब्रूत दुखीफत. २००८ साली तो इस्रायलचा राष्ट्रीय पक्षी ठरला. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात तो घरटे करतो.

३) आणलेला : साळुंकी! तिचा आवाज येथे प्रथम ऐकला तेव्हा मला अलिबागचे अंगण आठवले. डोळे भरून आले आणि डब्यातली अर्धी पोळी मी तिला घातली. ती माझी चूक होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पिंजऱ्यातून सुटलेल्या साळुंक्या याच पार्कमधून देशभर पसरल्या. त्या हुदहुद व सुतार पक्ष्यांच्या ढोल्या बळकावतात. दोष साळुंकीचा नाही. तिला पिंजऱ्यात घालून येथे आणणाऱ्यांचा आहे. म्हणून तिला दगड मारू नये, पण गाववाली म्हणून खाऊही घालू नये. डबा झाकून ठेवावा, उष्टे पेटीत टाकावे.

अभ्यास : (अ) करकोचे समुद्रावरून का जात नाहीत? (आ) साळुंकीमुळे हुदहुदचे काय नुकसान होते? (इ) आपल्या घराजवळचे पाच पक्षी पाहून वरील तीन गटांत लिहा. नातवंडांना मराठी नावे सांगा, त्यांच्याकडून हिब्रू नावे शिका.