मनाची फिर्याद आणि तिची चौकशी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एका मागणीचे प्रमाण बरेच वाढले आहे. मधुमेहाचे पथ्य किंवा गुडघेदुखीवरचा लेप विचारावा तितक्याच सहजतेने, ‘मनात नेहमी चांगलेच विचार यावेत आणि चारचौघांत धीटपणे वावरता यावे, यासाठी रोज काय म्हणावे?’ असा प्रश्न वाचक करतात. प्रश्न रास्त आहे. मात्र उपाय काहीतरी म्हणण्यातच आहे असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि प्रथम तपासावयाचे ते हेच गृहीत.

म्हणण्याचा उपाय नवा नाही. फ्रान्समधील नान्सी शहरी एमिल कुए नावाचे एक औषधविक्रेते होऊन गेले. आपण सुधारत आहोत अशा आशयाचे एक वाक्य झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर वीस वीस वेळा पुटपुटावे, असा त्यांचा उपदेश होता. विसाची गणती चुकू नये म्हणून गाठी मारलेली दोरी हाती धरावी, इथपर्यंत त्यांची व्यवस्था चोख असे. १९२६ साली ते वारले तोवर त्यांची पद्धत युरोप-अमेरिकेत सर्वतोमुखी झाली होती. पुढे २००९ मध्ये जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात अशाच स्तुतिवाक्यांची परीक्षा घेतली, तेव्हा एक विपरीत गोष्ट आढळली: ज्यांना स्वतःविषयी मुळातच आदर होता त्यांना अशा वाक्याने किंचित बरे वाटले, परंतु ज्यांना त्या आदराची खरी उणीव होती त्यांची मनःस्थिती वाक्याचा जप केल्याने उलट अधिकच खालावली. हे समजण्यासारखे आहे. ज्याला स्वतःची लायकी मान्य नाही, त्याने ‘मी गुणी आहे’ असे म्हणताच त्याचेच मन ‘दाखला काढ’ म्हणून हटकते, आणि दाखला हाताशी नसल्यामुळे तो पूर्वीपेक्षा जास्त खजील होतो. तात्पर्य, आत्मविश्वासाला पुरावा लागतो, आणि तो ज्याचा त्यालाच कृतीतून जमवावा लागतो.

आता हे जमवायचे कसे? अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मानसोपचारतज्ज्ञ अॅरन बेक हे १९६०च्या सुमारास खिन्नतेच्या रुग्णांवर उपचार करीत असता त्यांच्या ध्यानात आले, की प्रसंग आणि त्यातून उपजणारे दुःख या दोहोंच्या मध्ये एक विचार विजेसारखा चमकून जातो. तो इतका त्वरित आणि इतका सवयीचा असतो, की रुग्णाला दुःख तेवढे जाणवते, विचार मात्र नजरेतून निसटतो. हा निसटणारा विचार पकडून त्याची शहानिशा करणे, हेच बेक यांच्या उपचारपद्धतीचे मर्म. आपल्याकडेही या दिशेने विचार झालेला आहेच: पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात प्रतिपक्षभावनेचा, म्हणजे बाधक विचारासमोर त्याच्या विरुद्ध विचार उभा करण्याचा, मार्ग सांगितला, आणि समर्थांनी तर दोनशे पाच श्लोकांत मनालाच समोर बसवून समजावले. ज्याला समजावता येते तो आपल्याहून निराळा असतो. मनात आलेला विचार आणि तो पाहणारे आपण यांत हे अंतर राखता आले, की निम्मे काम झाले.

मनाचा प्रत्येक प्रतिकूल विचार ही एक फिर्याद आहे असे समजावे. फिर्याद दाखल झाली म्हणून ती खरी ठरत नाही आणि ती फेटाळलीच पाहिजे असेही नाही. तिची रीतसर चौकशी झाली पाहिजे, इतकेच. आपली चूक अशी होते, की प्रतिपक्षाचा जबाब न घेता, साक्षी-पुराव्याची रुजवात न करता आपण एकतर्फी निकाल देऊन मोकळे होतो, आणि पुढे वर्षानुवर्षे त्या निकालाची अंमलबजावणी इमानेइतबारे करीत राहतो.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशिलात फेरफार केला आहे. जिल्हा परिषदेच्या कचेरीत पुष्कळ वर्षे लिपिकाचे काम केलेल्या एका बाई खात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन बढती मिळताच छातीत धडधड होते म्हणून तपासणीस आल्या. हृदयाचा आलेख निर्दोष होता, थायरॉइडचे प्रमाण योग्य होते. विचारपूस करता उमगले, की धडधड दरमहा होणाऱ्या आढावा बैठकीच्या दोन दिवस आधी सुरू होते. त्यांना एक साधी वही घालण्यास सांगितले. तिच्यातील एक नोंद त्यांच्याच शब्दांत अशी होती. प्रसंग: बैठकीची नोटीस आली. विचार: ‘बोलायला उभी राहिले की माझी त-त-प-प होणार, आणि ही बाई या खुर्चीच्या लायकीची नाही हे साहेबांना कळणार.’ या विचारावर विश्वास: शंभरात नव्वद. बाजूचा पुरावा: गेल्या खेपेस एक आकडा चुकला. विरुद्ध पुरावा: तो आकडा तिथल्या तिथे दुरुस्त झाला आणि कोणी पुन्हा विषय काढला नाही, शेजारच्या विभागाच्या अधिकाऱ्यांनीही दोनदा फाईल चाळली, आजवरच्या गोपनीय अहवालांत एकही प्रतिकूल शेरा नाही. निर्णय: ‘आवाज थोडा कापेल. आकडे माझ्याजवळ आहेत. अडलेच तर तपासून सांगते म्हणेन.’ विश्वास: पन्नास.

नव्वदाचे पन्नास झाले, शून्य झाले नाहीत, हे वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. ‘बैठक उत्तमच होणार’ असा उसना हर्ष त्या निर्णयात नाही. आवाज कापेल हे त्यात प्रांजळपणे कबूल केलेले आहे, आणि म्हणूनच त्या निर्णयावर मनाने विश्वास ठेवला. सकारात्मक विचार म्हणजे गोड विचार अशी जी समजूत रूढ आहे तिने पुष्कळांची निराशा केली आहे. उपयोगी पडतो तो अचूक विचार, आणि खचलेल्या माणसाचा अचूक विचार त्याच्या नेहमीच्या विचारापेक्षा बहुधा पुष्कळच आशादायी निघतो.

वही घालणाऱ्यांनी काही ठरावीक खोडी ओळखून ठेवाव्यात. दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळले असे धरून चालणे. एका चुकीवरून सबंध माणसाची किंमत ठरवणे. यश मिळाले तर ते नशिबाच्या खात्यावर आणि अपयश आले तर ते आपल्या खात्यावर मांडणे. ‘भीती वाटते, त्या अर्थी धोका असलाच पाहिजे’ असा उलटा तर्क करणे. यांतील एखादी खोड आपली जुनी सोबतीण असल्याचे आठवडाभरातच दिसून येईल. नोंद दिवसातून एक पुरे, ती त्याच दिवशी व्हावी आणि लिहूनच व्हावी; मनातल्या मनात केलेल्या चौकशीत फिर्यादीच न्यायाधीश होऊन बसतो.

परंतु वहीवर भागत नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली आत्मसामर्थ्याच्या जाणिवेचे जे चार उगम सांगितले, त्यांत पहिला मान त्यांनी स्वतः पार पाडलेल्या कामाला दिला. आपल्यासारख्याच माणसाला ते काम करताना पाहणे, विश्वासू व्यक्तीने धीर देणे आणि शरीराची अवस्था हे इतर तीन. भीती वाटते ते काम टाळले की तत्काळ हायसे वाटते, आणि हे हायसे वाटणेच घातक, कारण त्यामुळे टाळण्याची सवय पक्की होते आणि भीती खोटी ठरण्याची संधी कधी येतच नाही. म्हणून काम लहान टप्प्यांत तोडावे. वरील बाईंनी पहिल्या बैठकीत केवळ एक प्रश्न विचारला, पुढच्या खेपेस एका तक्त्याचे वाचन केले, आणि त्यानंतर विभागाचा अहवाल मांडला. दरवेळी आधी ‘काय होईल’ आणि नंतर ‘काय झाले’ हे त्या शेजारीशेजारी लिहीत. अशा नोंदी साठत गेल्या, की मनाने मागितलेला दाखला दप्तरी तयार असतो.

शरीराकडेही लक्ष हवे. रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि थायरॉइडचे मांद्य यांनी उत्साह मावळतो, आणि माणूस त्याचा दोष स्वतःच्या स्वभावाला देत बसतो. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ची उणीव विशेष आढळते, तेव्हा थकवा टिकून असल्यास रक्त तपासून घ्यावे. प्रौढांनी आठवड्यात निदान दीडशे मिनिटे भरभर चालावे ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मनासाठीही तितकीच लागू आहे. जागरण, संध्याकाळनंतरचा कडक चहा आणि ‘धीर येण्यासाठी’ घेतलेले मद्य, तिन्ही वर्ज्य समजावीत.

दोन इशारे दिल्यावाचून हा विषय पुरा करता येत नाही. पहिला असा, की प्रत्येक दुःख विचारदोषातून उद्भवत नाही. घरात मारहाण होत असेल, कर्जाचा तगादा असेल, कचेरीत वरिष्ठ छळत असतील, तर तिथे परिस्थिती बदलण्याची आणि मदत मागण्याची गरज असते; पीडिताला ‘विचार बदला’ असे सांगणे हा दुहेरी अन्याय होय. दुसरा असा, की उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे जवळजवळ दररोज टिकले, त्याबरोबर झोप व भूक बिघडली, तर ते आजाराचे लक्षण मानून डॉक्टरांकडे जावे. चालू असलेली मनोविकाराची औषधे वहीच्या भरवशावर परस्पर बंद करू नयेत. जीव नकोसा होण्याचे विचार आल्यास त्याच दिवशी घरच्यांपैकी कोणाला सांगावे आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही सेवा विनामूल्य असून दिवसरात्र उपलब्ध असते.

गुण येतो आहे की नाही, हे कशावरून ओळखावे? भीती गेली का, हे पाहू नये. ती अनुभवी वक्त्यालाही वाटते. महिन्याच्या अखेरीस वही उघडून भीतीमुळे टाळलेली कामे किती, ती मोजावीत, आणि पुढील महिन्याच्या आकड्याशी त्यांची तुलना करावी. आकडा उतरत असेल तर उपाय लागू पडतो आहे. तीन महिने नेटाने करूनही तो हलला नाही, तर एकट्याने झगडत न राहता तीच वही घेऊन मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. तुम्ही केलेल्या नोंदी त्यांच्या फार उपयोगी पडतील.