घाटात रेंज नाही, मग मालकाला कळतं कसं?

प्रश्न : ओतूरची भाजी पिकअपने माळशेज उतरून कल्याण मार्केटला नेतो. गाडी मालकाची, चालवतो मी. घाटात मोबाइलला रेंज नसते, तरी चहाला किती वेळ थांबलो ते मालक संध्याकाळी बिनचूक सांगतात. उपग्रहातून गाडी दिसते का?
– एक ड्रायव्हर, टोकावडे (ता. मुरबाड)

उत्तर : नाही. तुमची पिकअप जगात आहे हेसुद्धा उपग्रहाला ठाऊक नसतं. तो रेडिओसारखा एकतर्फी बोलतो : मी अमुक जागी आहे, आत्ता इतके वाजले. निदान चार उपग्रहांचं असं बोलणं ऐकून गाडीतलं जीपीएसचं यंत्रच स्वतःची जागा काढतं. चुगली करतं ते त्यातलं सिमकार्ड. रेंज गेली की यंत्र नोंदी पोटात ठेवतं आणि घाट उतरून रेंज आली की सगळ्या एकदम ओकतं.

फास्टॅग त्यामानाने गरीब. त्यात ना बॅटरी, ना सिम. टोलनाक्यावरच्या यंत्राने विचारलं तरच बोलतो. पडघ्याच्या नाक्यावर नोंद होईल. शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडला आलात, तर वाटेत तो मुका.

आता तुम्ही न विचारलेलं. गाडी मालकाची, तेव्हा मालाच्या फेरीवर त्यांनी लक्ष ठेवणं रास्तच. पण गाडी रात्री तुमच्या दारात उभी असते, सुट्टीला त्यांना विचारून सासुरवाडीला जाते, तेव्हा ती नोंद गाडीची कमी आणि तुमची जास्त. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. तरी केंद्र सरकारने वाहननोंदणीची माहिती कंपन्यांना विकून जुलै २०१९ पर्यंत ६५ कोटी रुपये मिळवले होते. ते धोरण २०२०मध्ये मागे घेतलं. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३चा कायदा आहे, पण नुकसान टाळण्यासाठी नोकराची माहिती संमतीविना वापरायची मुभा तो मालकाला देतो. म्हणून आधी मालकाशीच बोला : नोंदी किती दिवस ठेवता, आणखी कोणाला दिसतात, फेरी संपल्यावरच्या पुसता येतील का?

वायर मात्र उपटू नका. बहुतेक यंत्रांत छोटी बॅटरी असते; वायर तुटल्याचा निरोप मालकाला सगळ्यात आधी जातो.