ब्लॉगमधून पैसे कधी येतात? किनवटच्या गाडीवाल्याचा हिशोब



किनवटहून एका भावाचा फोन आला. स्वतःची गाडी आहे, भाडं मारतो. ब्लॉगिंगच्या कोर्सचे कुणीतरी त्याला 25 हजार सांगितले, वर "महिन्याला 50 हजार घरबसल्या" असा शब्दही दिला. भाऊ विचारतो, "सर, बायकोचं गंठण गहाण ठेवू का?"

मी म्हटलं, गंठण राहू दे, आधी वही-पेन घे. आजच्या व्हिडिओतला हिशोब इथे लिहून देतोय.

ब्लॉगवर गूगल ॲडसेन्सच्या जाहिराती लागतात, त्यातला हिस्सा आपल्याला मिळतो. 2018 पासून मराठी ब्लॉगलाही ही सोय आहे. पण खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. (10 डॉलर झाले की पोस्टाने एक पिन येतो, तो टाकावा लागतो. म्हणून पत्ता नीट लिहा, नाहीतर पोस्टमन बिचारा काय करणार!) आता समजा, पान हजार वेळा उघडलं की 50 रुपये मिळाले. हा आकडा मी हिशोबापुरता धरलाय, विषयाप्रमाणे कमी-जास्त होतो. 100 डॉलरचे साडेआठ हजार धरले, तर पहिली रक्कम हातात पडायला पान 1 लाख 70 हजार वेळा उघडलं पाहिजे. नव्या ब्लॉगला एवढे वाचक महिनाभरात कुठून येणार?

म्हणून जाहिरात बाजूला ठेवा, आणि आपल्या धंद्याकडे या.

पावसाळ्यात सहस्रकुंड धबधबा बघायला लोक येतात. निघण्याआधी ते मोबाईलवर काय शोधत असतील? पैनगंगेच्या एका काठाला आपला किनवट तालुका, पलीकडे यवतमाळ जिल्हा, मग नेमकं कोणत्या बाजूने जायचं? रेल्वेने सहस्रकुंड स्टेशनला उतरलं तर पुढे वाहन मिळतं का? माहूरची रेणुकामाता आणि उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे एका दिवसात होतात का? लहान लेकरं, म्हातारी माणसं सोबत असली तर कुठपर्यंत जाता येतं? रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या ड्रायव्हरइतकं हे कुणाला माहीत असणार? एका प्रश्नाला एक पान लिहा. स्वतः काढलेले फोटो, रस्ता सध्या कसा आहे, भाडं किती, आणि खाली व्हॉट्सॲप नंबर. ब्लॉगरवर हे सगळं फुकट होतं. गूगल मॅप्सवर धंद्याची नोंदही फुकटच आहे.

पान 300 जणांनी वाचलं, तिघांनी गाडी ठरवली, डिझेल जाऊन फेरीला हजार सुटले, तर 3,000 झाले. त्याच 300 वाचकांचे जाहिरातीतून आले असते 15 रुपये.

फक्त मजकूर दुसरीकडून उचलू नका. मी सुरुवातीला तेच केलं होतं. चाळीस लेख ढापले, एकही गिऱ्हाईक आलं नाही, आणि जाहिरातीचा अर्जही परत आला. बरोबरच होतं ते.

'आपली आजी' चॅनल बघितलंय ना? अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, तेव्हा वय सत्तरीचं. नातवाने मोबाईलवर पावभाजीची रेसिपी दाखवली, तिथून विषय निघाला. नातवाने कॅमेरा धरला आणि आजींनी कारल्याची भाजी केली, ती लाखो लोकांनी बघितली. आजींनी नवीन काही शिकायची वाट बघितली नाही, जे रोज करत होत्या तेच दाखवलं.

पण त्यांच्याच बाबतीतली दुसरी गोष्ट फार कुणी सांगत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये ते चॅनल हॅक झालं. काही दिवसांनी परत मिळालं, पण तोवर घरच्यांचं काय झालं असेल, विचार करा. त्यामुळे पहिलं पान टाकायच्या आधी जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. मोबाईल दुकानदाराकडे पासवर्ड ठेवून येणारे पुष्कळ बघितलेत मी!

भावाला सांगितलंय, सहस्रकुंडला कोणत्या बाजूने जायचं एवढंच पान रविवारपर्यंत लिहून पाठव, मोडकंतोडकं असलं तरी चालेल. त्याची परवानगी घेऊन पुढच्या व्हिडिओत तेच पान उघडू आणि तुमच्यासमोर दुरुस्त करू.