मनी फिस्कारते, काय करू?

प्रश्न : स्वारगेट एसटी स्थानकाजवळ सापडलेली मांजराची दोन पिल्लं घरी आणली. आमची चार वर्षांची मनी त्यांच्यावर सारखी फिस्कारते. परत सोडून येऊ का?

उत्तर : मुळीच नको. फिस्कारणं म्हणजे ‘लांब राहा’ एवढंच. त्यावरून तिला रागावू नका. पिल्लं दोन आठवडे बंद खोलीत ठेवा, वन-बीएचके असेल तर बाथरूममध्येही चालेल. कारण नुसतं भांडणाचं नाही. रस्त्यावरच्या पिल्लांकडून पॅनल्यूकोपेनिया हा जीवघेणा आजार घरात येऊ शकतो. मनीची लस राहिली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पिल्लांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर. डॉक्टरांनी पिल्लं निरोगी ठरवली की त्यांच्या आणि मनीच्या अंथरुणातल्या फडक्यांची अदलाबदल करा, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. कपाटावरची जागा मात्र मनीचीच राहू द्या.