सोयाबीनमधील फ्लॅव्होनॉइड व आतड्यातील जिवाणू

सोयाबीन हे महाराष्ट्रातील एक प्रमुख खरीप पीक होय. त्यातील तेल व प्रथिने यांविषयी शेतकरी बंधूंना माहिती आहेच. परंतु या दाण्यात आयसोफ्लॅव्होन नावाची द्रव्येही असतात. ती फ्लॅव्होनॉइड वर्गातील असून त्यांचा गुण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी काहीसा मिळताजुळता आहे. त्यामुळे कोणी सोयाबीनला औषध मानतो, तर कोणी त्याने वांझपण येते असे सांगतो. यातील तथ्य जाणण्यासाठी ही द्रव्ये पोटात गेल्यावर त्यांचे काय होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

दाण्यात ही द्रव्ये बहुतांशी साखरेशी जोडलेली असतात. आतड्यातील पाचकद्रव्ये व जिवाणू ही साखर प्रथम वेगळी करतात. मोकळ्या झालेल्या द्रव्याचा काही भाग रक्तात शोषला जातो. उरलेला मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथे प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू त्याचे आणखी विघटन करतात. डेडझेईन या घटकापासून काही जिवाणू इक्वॉल तयार करतात व त्याचा संप्रेरकासारखा गुण मूळ घटकाहून अधिक असतो. मात्र असे इक्वॉल सुमारे ३० ते ५० टक्के माणसांतच तयार होते. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत ते मुळीच आढळत नाही. यावरून हे कार्य जिवाणूंचेच आहे, हे सिद्ध होते.

जनावरांतही असेच घडते. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० नंतरच्या दशकात सबटेरेनियन क्लोव्हर या द्विदल चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. चाऱ्यातील फॉर्मोनोनेटीन या द्रव्यापासून कोटीपोटातील जिवाणू डेडझेईन व पुढे इक्वॉल बनवीत होते. त्याच चाऱ्यातील जेनिस्टेईन मात्र तेच जिवाणू निरुपद्रवी करून टाकीत. तात्पर्य, विघटन म्हणजे नेहमी नाशच नव्हे. त्यातून अधिक प्रभावी द्रव्यही निपजते.

परंतु हा दाखला माणसास जसाच्या तसा लावू नये. त्या मेंढ्या दिवसभर तोच चारा खात. आपल्या आहारात सोयाबीनचा वाटा अल्प असतो.

कार्यकर्त्यांनी गावात पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

१. सोयाबीन हे अन्न आहे, औषध नव्हे. एकास आलेला अनुभव दुसऱ्यास येईलच असे नाही.

२. कच्चे दाणे खाऊ नयेत. त्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे घटक असतात. दाणे उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटे उकळून, वाळवून मगच दळावेत.

३. नऊ किलो गव्हात असे एक किलो सोयाबीन मिसळून पीठ करावे.

४. आहारात भाजीपाला, कडधान्ये व भरड धान्ये असावीत. त्यांतील तंतुमय भागावर आतड्यातील जिवाणूंचे पोषण होते.